गाण्यासाठी कापलेली हिरवी तार

माझ्या धाकट्या भावाला गाता येत नाही, ताल कळत नाही, आणि एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकण्याइतका धीर त्याच्यात कधीच नव्हता. लहानपणी रेडिओचं बटण फिरवत बसायचा; एका ठिकाणी सूर लागला की लगेच दुसरीकडे. अशा माणसाला पन्नाशीला टेकल्यावर आंघोळ करताना डोक्यावर गाणं वाजायला हवं झालं. कारण एवढंच की नागपूरच्या कुण्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यानं बाथरूमच्या सिलिंगमध्ये बसवलेले स्पीकर पाहिले होते. त्या व्यापाऱ्यानंही कुठंतरी पाहिलेच असतील. ही माणसं हौससुद्धा स्वतःची करत नाहीत.

आमचं घर फुलांचं. बार्शीटाकळीच्या अलीकडे वडिलांची बाग होती. झेंडू, शेवंती, निशिगंध. भावानं तो धंदा अकोल्यात नेला आणि लग्नाच्या मांडवांची सजावट करू लागला. धंद्यात तो हुशार आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मी मात्र फुलं सोडून वायरींकडे गेले. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला तेव्हा वर्गात मी एकटी मुलगी होते, आणि आता पंचवीस वर्षांवर झाली, अमरावतीच्या एका प्रशिक्षण संस्थेत तोच ट्रेड शिकवते. भावाच्या लेखी याचा अर्थ एकच: ताई मास्तरीण आहे. मास्तरणीला फळ्यावरचं कळतं, भिंतीतलं कळत नाही.

त्यानं अकोल्यात नवा बंगला बांधला. सिलिंगचं काम चालू असताना फोन आला.

"ताई, येऊन पाह्य एकदा. बाथरूममंधी असा साउंड बसवून राहिलो की तू अमरावतीत पाह्यला नसशीन."

मी एका रविवारी बसनं गेले. बाथरूम आमच्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघराएवढं. वर पीओपीचं सिलिंग अर्धं झालेलं, त्यात दोन गोल भोकं, आणि भोकांतून लोंबणाऱ्या वायरी. शिडीजवळ साउंडवाला उभा होता. पस्तिशीचा माणूस, हातात तीन अंगठ्या, आणि बोलताना समोरच्याकडे न पाहता मोबाइलकडे पाहायची सवय. भाऊ ज्या मांडवांत फुलं लावायचा, त्याच मांडवांत हा डीजे लावायचा. तीच काय ती ओळख आणि तीच काय ती पात्रता. बंगल्याचं बाकीचं वायरिंग करणारा वायरमन वेगळा होता, साधा आणि नेटका माणूस. पण त्याला गाणं वाजवता येत नव्हतं, म्हणून बाथरूमच्या वरचं काम त्याच्याकडून काढून घेतलेलं.

मी शिडी चढले. आत जे दिसलं ते माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं केलं असतं तर मी त्याला वर्कशॉपबाहेर उभं केलं असतं. ॲम्प्लिफायरचा डबा सिलिंगच्या पत्र्यावर, भिंतीवरच्या गिझरच्या अगदी डोक्याशी ठेवलेला. त्याचा प्लग गिझरच्याच पॉइंटमधून, पण स्विचच्या आधी जोड मारून काढलेल्या एक्स्टेंशनमध्ये. मेन लाइनची वायर आणि स्पीकरची वायर एकाच पाइपातून ओढलेल्या. जोड नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेले. खाली गरम पाण्याचा शॉवर, वर वाफ साठणारी पोकळी, आणि त्या पोकळीत घरातला सगळा करंट.

"हा डबा इथून काढा," मी साउंडवाल्याला म्हटलं. "ॲम्प्लिफायर बाहेर, बेडरूमच्या कोरड्या कपाटात ठेवा. बाथरूममध्ये फक्त स्पीकरची वायर आली पाहिजे, तीही वेगळ्या पाइपातून. आणि हे स्पीकर ओलाव्यात टिकणारे आहेत का?"

तो हसला. मोबाइलकडे पाहतच हसला.

"मॅडम, तीन-तीन हजार मान्साच्या लग्नात साउंड लावतो आपन. हे तं बाथरूम हाये."

"लग्नात कोणी ओल्या अंगानं स्पीकरखाली उभं राहत नाही."

"थेअरी वेगळी असते, मॅडम. प्रॅक्टिकल वेगळं."

भावाला हे वाक्य फार आवडलं. खांदे हलवत हसला. "ताई, तुयं पुस्तक तू अमरावतीलेच ठेव ना. इथी जेव, आराम कर."

आणि मी तेच केलं, हे इथं लिहिलं पाहिजे. खालच्या मजल्यावरचा बोर्ड तेवढा उघडून पाहिला. वायरमननं अर्थिंग नीट दिलेली होती आणि आरसीसीबी बसवलेला होता. म्हणजे करंट कुठं गळायला लागला की क्षणात आपोआप पडणारा आणि माणसाला वाचवणारा स्विच. त्याचं टेस्टचं बटण दाबलं, तो खट्कन पडला. मी मनाशी म्हटलं, वर काहीही गाढवपणा केला तरी खाली हा पहारेकरी आहे. वहिनीनं पातोडीची भाजी केली होती. दोन भाकरी खाल्ल्या, चारची बस धरली. भावाशी भांडण नको, आपल्याला काय करायचंय, असा शहाणपणा केला. त्या शहाणपणाबद्दल मला आज भावापेक्षा स्वतःचीच जास्त शिसारी येते. तो अडाणी होता, मी नव्हते.

वास्तुशांतीला मी गेले नाही. फोटो आले. प्रत्येक पाहुण्याला बाथरूम दाखवायला नेलेलं. देवघराचा एक फोटो आणि बाथरूमचे अकरा. भाऊ कमोडशेजारी उभा राहून वर बोट दाखवतोय, पाहुणे माना वर करून पाहताहेत. एका फोटोत आमचे म्हातारे मामा टोपी हातात धरून उभे होते, जणू आतून कुणी बोलणार आहे.

पाच-सहा महिने गेले. थंडी सुरू झाली. वहिनी मला रविवारी सकाळी फोन करते, ही आमची जुनी रीत. त्या रविवारी तिचा आवाज बारीक होता.

"ताई, माया हाताले मुंग्या येऊन राहिल्या. पंधरा-वीस दिवस झाले."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं ना. गोया देल्ल्या, पाच इंजेक्शनं झाले. ह्याइनंच नेलं. म्हन्ते, तुले वात झाला, वय झालं आता."

वहिनीचं वय सेहेचाळीस. दिवसाला दोन पोती फुलं निवडणारी बाई. मी सहज विचारलं, मुंग्या दिवसभर असतात का?

"नाई, दिवसभर कुठी? आंघोयीच्या टायमालेच येते. गरम पान्याचा नळ फिरवला का झन्नकन होते. कोपरापावतर."

माझ्या हातातला चहाचा कप मी ओट्यावर ठेवला.

"तेव्हा गिझर चालू असतो?"

"चालूच असते. मी पयले आंघोय करतो. ह्याइची मांगून होते, तवा पानी तापेल असते, मी बंद करून टाकतो."

"त्याला मुंग्या येतात का कधी?"

"नाई बाप्पा, त्याइले काही नाई होत. त्याइले गानं आयकू येते."

मी तिला दोनच गोष्टी सांगितल्या. आत्ताच्या आत्ता गिझरचा मेन स्विच पाड. आणि मी येईपर्यंत त्या बाथरूममध्ये कोणीही पाय ठेवायचा नाही, तूही नाही, तोही नाही. ती घाबरली नाही. "बरं" म्हणाली आणि फोन चालू ठेवूनच स्विच पाडायला गेली. मला खट् असा आवाज ऐकू आला.

मी मीटर, टेस्ट-लॅम्प आणि हत्यारांची पिशवी घेतली आणि बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी धरली. मूर्तिजापूरपर्यंत उभी होते. सगळ्या वाटेनं एकच विचार: खालचा पहारेकरी का पडला नाही? इतका करंट गळतोय तर तो पडायलाच हवा होता.

घरी पोचले तेव्हा भाऊ सोफ्यावर पेपर वाचत होता.

"एवढ्याशा गोठीसाठी अमरावतीहून आली तू? तिले वात झाला, ताई. डॉक्टर म्हन्ला."

मी आधी बोर्ड उघडला. आरसीसीबी जाग्यावर नव्हता. त्या जागी दोन वायरी सरळ जोडून एक साधा स्विच बसवलेला.

"हा कोणी काढला?"

"तो लय पडत होता," भाऊ म्हणाला. "रोज सकायी गिझर लावला का पडे. गानं मधातच बंद. मंग साउंडवाल्यानं डायरेक्ट करून देल्लं."

रोज सकाळी तो स्विच सांगत होता की या घरात करंट गळतोय. रोज सकाळी. आणि या माणसाला एवढंच कळलं की गाणं मधेच तुटतंय.

मी अंगणात पाणी ओतून माती भिजवली आणि लोखंडी सळी खोल ठोकली. टेस्ट-लॅम्पची एक तार सळीला बांधली, दुसरी लांब वायर बाथरूमपर्यंत नेली. पायात रबरी बूट, हातात हातमोजे. वहिनीला म्हटलं, लांबून गिझरचा स्विच लाव. तारेचं टोक मी गिझरच्या पाण्याच्या जोडाला, त्या धातूच्या नटाला टेकवलं. बल्ब लख्ख पेटला.

कुठल्याही बोर्डाला न जोडलेला बल्ब, एक टोक मातीत आणि एक गिझरच्या अंगाला, आणि तो लग्नातल्या दिव्यासारखा जळतोय. भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. बल्बकडे पाहत होता. मग त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे:

"म्हंजे ॲम्प्लिफायर जयला का?"

मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्विच पाडायला लावला आणि शिडी लावली. सिलिंगची झडप उघडली. गिझरच्या थ्री पिनमधून निघालेली अर्थिंगची हिरवी तार पॉइंटपाशी पकडीनं कापलेली होती. उरलेलं टोक मागे दुमडून त्याला टेप लावलेली, अगदी व्यवस्थित. त्या सगळ्या कामात तेवढीच एक गोष्ट नीटनेटकी केलेली होती.

साउंडवाल्याला फोन करून बोलावलं. तासाभरात आला. या वेळी मोबाइल खिशात होता.

"हिरवी तार का कापली?"

"मॅडम, घुं करत होता साउंड. गिझर चालू झाला का लय घुं मारे. आमच्या लाइनमंधी सगळे तसंच करते. अर्थ काढला का घुं जाते."

"गेला?"

"गेला ना."

आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. गिझरच्या आतली पाणी तापवणारी कॉइल त्यानं खाल्ली आणि करंट पाण्यात, टाकीत उतरला. तार होती तोवर तो अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत जात होता आणि म्हणून खालचा स्विच पडत होता. यांनी आधी तो स्विच काढला. मग गळणारा करंट अर्थिंगमधून वाहतोय त्याचा आवाज स्पीकरमध्ये यायला लागला, तर ती तारच कापली. करंटला जायला वाट उरली नाही. तो टाकीत बसून राहिला, कुणीतरी नळाला हात लावेल याची वाट पाहत. गिझर आणि नळ यांच्यामध्ये प्लास्टिकचा पाइप होता, करंट त्यातल्या खाऱ्या पाण्यातून थोडाथोडाच येत होता, म्हणून वहिनीला मुंग्याच आल्या. मधला पाइप लोखंडाचा असता तर पहिल्याच सकाळी ती तिथं पडली असती आणि वर गाणं चालू राहिलं असतं.

हे सगळं मी तिघांना उभं करून सांगितलं. फळ्यावर सांगते तसंच, एकेक पायरी. साउंडवाल्याचा चेहरा उतरत गेला. भाऊ म्हणाला, "मले काय माहीत? मी का इंजिनेर हाओ?" पाहुण्यांना बाथरूम दाखवताना हाच इंजिनेर होता.

वहिनी आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती गोळ्यांची पाकिटं घेऊन बाहेर आली, सगळी, उरलेली आणि रिकामी, आणि नवऱ्यापुढच्या टीपॉयवर ठेवली.

"हे आता तुमी खा," म्हणाली. "वात तुमाले झाला."

तिच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्या घरात तिला या आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी दोन दिवसांची रजा टाकली. आधीच्या वायरमनला बोलावून घेतलं. तो बिचारा आला, एक शब्द टोमण्याचा बोलला नाही, मी असते तर बोलले असते. आम्ही गिझर उतरवून कॉइल बदलली. कापलेली अर्थिंग टेपनं जोडली नाही, बोर्डापासून नवी अखंड तार ओढली. आरसीसीबी परत बसवला. ॲम्प्लिफायर बाहेर काढून बेडरूमच्या कपाटात नेला, आणि त्याचं बटण, त्याचा प्लग, सगळं ओल्या हाताच्या आवाक्याबाहेर. स्पीकरची वायर वेगळ्या पाइपातून, मधे एकही जोड न ठेवता. आधीच्या स्पीकरचा कागदी पडदा वाफेनं फुगून सुटला होता. ओलाव्यासाठी बनवलेले नवे आणले आणि शॉवरच्या डोक्यावरून सरकवून दाराच्या बाजूला बसवले. शेवटी गाणं लावून पाहिलं. घुं अजिबात नव्हता. मेन आणि स्पीकरच्या वायरी एका पाइपात कोंबल्या नसत्या आणि गिझर धड असता, तर तो पहिल्या दिवशीही फारसा नसता.

रजेच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मी आणि वहिनी मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. ती शेवंती निवडत होती. मी भावाबद्दल मनातलं सगळं बोलून घेतलं: दिखाऊ, मूर्ख, बायकोच्या जिवापेक्षा गाण्याची काळजी असलेला. ती ऐकत होती. मग मान वर न करता म्हणाली:

"ताई, तुमी तं पयल्याच दिवशी वर चढून पाह्यलं होतं ना?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं? त्याइले सांगतलं, त्या साउंडवाल्याले सांगतलं. त्या बाथरूममंधी पयले आंघोय तं मी करतो."

खरं उत्तर लाजिरवाणं होतं: मला ती आठवलीच नव्हती. वायरी कुणाच्या हातातून गेल्या ते मी पाहिलं, त्या कुणाच्या अंगावर येतील ते पाहिलं नाही. दोन पुरुषांशी वाद हरले आणि ताटावर जाऊन बसले. वाढणारी तीच होती.

"चुकलं माझं," एवढंच म्हणू शकले. ती "जाऊ द्या" म्हणाली नाही. ते बरं केलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बोर्डापाशी उभं करून सगळं विचारून घेतलं. टेस्टचं बटण कोणतं, ते किती दिवसांनी दाबायचं, दाबल्यावर स्विच पडला नाही तर काय समजायचं, हिरवी तार कुठून कुठं जाते. माझे काही विद्यार्थी दोन वर्षांत इतके नेमके प्रश्न विचारत नाहीत. आता महिन्यातून एकदा ती ते बटण स्वतः दाबते, आणि नवऱ्याची आंघोळ चालू असताना दाबते. तो आतून ओरडतो, ती म्हणते, "चेक करून राहिली."

भावात काही फरक पडला म्हणाल तर नाही. नातेवाइकांना तो अजून बाथरूम दाखवतो. गोष्ट अशी सांगतो की गिझर कंपनीचा माल खराब निघाला, मग आपण सगळं वायरिंग नव्यानं करून घेतलं, आता एक नंबर काम आहे. या गोष्टीत मी नाही, वायरमन नाही, गोळ्या नाहीत. मी समोर असले तरी तशीच सांगतो, माझ्याकडे पाहून मान हलवतो, जणू मीही दुजोरा द्यावा. मी देत नाही. खोडूनही काढत नाही. त्याच्याशी बोलण्यात शब्द घालवायचे नाहीत असं ठरवलंय, राखीपौर्णिमेला गेले तरी.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी मी वर्कशॉपमध्ये मुलांच्या वह्या तपासत होते. दारात कोणीतरी उभं राहिलं. साउंडवाला. हेल्मेट काखेत, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"मॅडम, येऊ का?"

"कशाला?"

"एका बंगल्याचं काम आलं. बाथरूम आन् जिना दोनी. त्याइचा जुना वायरमन म्हन्ते अर्थिंग हाये. पन ते हाये का नाई, ते पाह्याचं कसं, ते मले येत नाई." त्यानं हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं. "आतापावतर कुठीच पाह्यलं नाई मी. किती ठिकानी कापली त्याचा हिसाब नाई."

मला त्याची दया आली नाही. मी विचारलं, कापली ती घरं आठवतात का? म्हणाला, सहा आठवतात. म्हटलं, आधी त्या सहा घरी जा, तार जोडून ये, मग शिकवते. तो म्हणाला, चार घरी जोडून आलो, मॅडम. उरलेल्या दोघांनी दारातूनच हाकललं, त्यांना परत जाऊन सांगीन.

हे मला अपेक्षित नव्हतं. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. अंगठ्या तशाच होत्या. पण तो माझ्याकडे पाहून बोलत होता.

मी त्याला टेबलाशी बसवलं. चहा विचारला नाही. मीटर समोर ठेवलं, बोर्ड उघडला आणि दोन तास शिकवलं. त्यानं डीजेच्या भाड्याच्या वहीत मागच्या पानांवर सगळं लिहून घेतलं, आकृत्यांसकट. अक्षर भयंकर होतं. आकृत्या बरोबर होत्या.